वांग्याची शाई होऊ नये म्हणून : पैठणीच्या फोटोसाठी कॅमेऱ्याचं रंग-कॅलिब्रेशन

मागच्या दिवाळीआधी पैठणच्या एका विणकर घरासाठी मी पंधरा साड्यांचे फोटो काढले. त्यातली वांगी रंगाची साडी पुण्याहून परत आली. मालकीणबाईंनी ती मागाशेजारी उलगडून ठेवली, फोनवर माझा फोटो उघडला आणि म्हणाल्या, "दादा, आम्ही वांगं विणलं, तुमच्या कॅमेऱ्यानं त्याची शाई केली." बघितलं तर खरंच होतं. साडीत लालसर झाक होती, फोटोत नुसता निळा उरला होता. चूक माझी होती. कॅमेरा चांगला आहे म्हणजे रंग बरोबर येणारच, असं मी धरून चाललो होतो.

त्यानंतर तीन महिने जे शिकत गेलो ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं पैठणीची आहेत, पण हिमरूची शाल असो, खणाचं कापड असो की मातीची भांडी, कृती तीच.

कॅमेरा असं का करतो

आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि सेन्सरवर लाल, हिरवे, निळे असे तीन प्रकारचे फिल्टर. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली पेटंट मिळालेली ही फिल्टरची जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. तिच्यात हिरवे खण लाल किंवा निळ्या खणांच्या दुप्पट असतात. पण डोळ्याचा प्रतिसाद आणि फिल्टरचा प्रतिसाद तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात, आणि उलटही होतं.

वांगी आणि जांभळ्या छटांची गोम आणखी वेगळी. त्यांच्यातला बराचसा लाल भाग वर्णपटाच्या टोकाला, खोल लालात असतो. सेन्सरपुढचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर तिथला प्रकाशही थोडा खातो. लाल कमी पोचला की शाई झालीच. काळ्या साडीचं दुखणं याच्या उलट. काही काळी रंगद्रव्यं डोळ्याला काळी दिसतात, पण इन्फ्रारेड भरपूर परतवतात. कॅमेऱ्याचा फिल्टर कमजोर असेल तर तो काळा किरमिजी येतो. लायकाच्या २००६ सालच्या एम८ कॅमेऱ्यात ही अडचण इतकी होती की कंपनीला लेन्सवर लावायचे वेगळे फिल्टर द्यावे लागले. चंद्रकळेचा फोटो तपकिरी आला तर आधी रंगाऱ्याला दोष देऊ नका.

कॅलिब्रेशन म्हणजे ज्यांची मापं आधीच माहीत आहेत असे रंग कॅमेऱ्यापुढे ठेवायचे, त्याने काय वाचलं ते बघायचं आणि दोन्हींतल्या फरकाची दुरुस्ती एका फायलीत साठवायची. या फायलीला प्रोफाइल म्हणतात. ती एका विशिष्ट कॅमेऱ्याची आणि एका विशिष्ट प्रकाशाची जोडी असते. लोक यातला दुसरा भाग विसरतात, मीही विसरलो होतो. म्हणून सुरुवात प्रकाशापासून करू.

आधी प्रकाश बांधा

माझे पहिले फोटो अंगणातल्या लिंबाखाली काढलेले होते. सावली गार, प्रकाश मऊ, दिसायला सगळं छान. पण पानांतून गाळून आलेला आणि पानांवरून परतलेला प्रकाश हिरवा असतो. तो सगळीकडे सारखाही नसतो: पदरावर एक, निऱ्यांवर दुसरा. असा प्रकाश कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण सुधारू शकत नाही, कारण एकाच फोटोत दोन प्रकाश आहेत. निळ्या ताडपत्रीखाली निळा, पिस्ता डिस्टेंपर मारलेल्या खोलीत पिस्ता, आणि दारातून दिवसाचा उजेड येत असताना वर ट्यूब चालू असेल तर बघायलाच नको. ट्यूब बंद करा. झाड सोडा. रंगीत भिंत असेल तर तिच्यावर पांढरी चादर टांगा.

मराठवाड्यातल्या जुन्या घराची उत्तरेकडची ओसरी यासाठी सोन्यासारखी. ऊन थेट येत नाही, आकाशाचा पसरलेला प्रकाश येतो. फक्त एक ध्यानात ठेवा: पैठण साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य थोडा उत्तरेकडून जातो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत उत्तरेच्या बाजूने शिरतं. या दिवसांत ओसरीच्या कडेला पातळ पांढरं धोतर किंवा मलमल ताणून बांधा. कापड स्वच्छ पांढरं हवं. जुनं पिवळं पडलेलं असेल तर ते प्रकाशही पिवळा करतं.

प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. भर उन्हाचा प्रकाश साधारण ५५०० केल्व्हिन असतो आणि उघड्या आकाशाखालच्या सावलीतला ७००० ते ८००० केल्व्हिन, म्हणजे बराच निळसर. जुना पिवळा बल्ब २७०० ते २८५० च्या घरात. आकडे पाठ करायची गरज नाही. पण सकाळी आठला काढलेला चार्ट दुपारी दोनच्या साडीला चालणार नाही, एवढं त्यातून घ्या.

दिव्यावर काम करायचं असेल तर एलईडी पॅनेल घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ च्या वर बघा, आणि तेवढ्यावर थांबू नका. सीआरआयचा आकडा आठ फिकट नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लालाचा नमुना त्यात नसतोच. तो आर९ या नावाने वेगळा दिलेला असतो. राणी, कुंकवी, वांगी या रंगांचा सगळा खेळ तिथे आहे. आर९ किती हे विक्रेता सांगत नसेल तर दुसरं दुकान गाठा. दोन दिवे लावणार असाल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या.

लोडशेडिंगचा विचार करून मी शेवटी फ्लॅश घेतला. बॅटरीवर चालतो आणि रंग दर वेळी जवळपास सारखा देतो. त्याच्यापुढे मोठं पांढरं कापड धरलं की ओसरीसारखाच मऊ उजेड मिळतो.

साहित्य

कॅमेरा रॉ फाइल, म्हणजे सेन्सरवरून आलेली, प्रक्रिया न केलेली फाइल देणारा हवा. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये डीएनजी (रॉचाच एक प्रकार) मिळत असेल तर तोही चालतो. जेपेगवर हे काम करू नका. त्यात कॅमेऱ्याने रंगांना आपली फोडणी आधीच दिलेली असते.

२४ चौकोनांचा रंगचार्ट लागेल. कलरचेकर या नावाचा हा चार्ट १९७६ पासून वापरात आहे. आधी तो मॅकबेथचा होता, मग एक्स-राइटचा, आता कॅलिब्राइट या नावाने मिळतो. चार ओळी, सहा रकाने. शेवटची ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा करड्या पायऱ्यांची. वरच्या चौकोनांत गडद-फिकी त्वचा, आकाश, पानं, निळं फूल अशा खऱ्या वस्तूंशी जुळणारे रंग आहेत. चार्ट स्वस्त नाही. तरी इंटरनेटवरून चित्र उतरवून प्रिंटरवर छापलेला चार्ट वापरू नका. त्या शाईची मापं कुणालाच माहीत नसतात.

तसंच, साधा पांढरा कागद व्हाइट बॅलन्सला (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायच्या दुरुस्तीला) वापरू नका. झेरॉक्सच्या कागदात चमक आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण घेऊन निळा प्रकाश देतात, म्हणजे कागद "पांढऱ्याहून पांढरा" दिसतो आणि तुमचा सगळा फोटो पिवळ्याकडे ढकलला जातो. धुण्याच्या पावडरीमुळे पांढऱ्या सदऱ्यालाही हेच होतं.

बाकी ट्रायपॉड आणि एक संगणक. आणि फोटो काढताना अंगात करडा किंवा काळा शर्ट. हे थट्टेने लिहीत नाही. जरीचा काठ आरशासारखा वागतो, माझा केशरी टी-शर्ट दोन साड्यांच्या बांगडी-मोरात उतरला होता.

कॅमेऱ्याची मांडणी

रॉ चालू करा. आयएसओ १०० किंवा कॅमेऱ्याचा सर्वांत खालचा. छिद्र एफ/८ च्या आसपास. एक्स्पोजर मॅन्युअल. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा: रॉवर तिचा परिणाम होत नाही, पण पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) जास्त खरा दिसतो. सावल्या आपोआप उजळणारी सगळी सोंगं बंद करा. विजेच्या दिव्यावर काम असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. यापेक्षा वेगळ्या शटरवर एक फोटो पिवळा आणि पुढचा हिरवट येऊ शकतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर अडकवून टाका. ऑटोला पूर्ण चौकट भरून पोफळी पिवळी साडी दाखवली तर त्याला वाटतं प्रकाशच पिवळा आहे. मग तो निळं घालतो आणि साडी मळकट होते. पुढची राणी रंगाची साडी आली की तो दुसरीकडे झुकतो. रॉमध्ये हे नंतर बदलता येतं, पण पंधरा साड्यांना पंधरा वेळा कोण बदलणार?

चार्टचा फोटो

साडी जिथे पसरणार तिथेच, त्याच पातळीवर, त्याच कोनात चार्ट ठेवा. आधी त्या जागी मोठा मॅट कागद पसरून एक फोटो घ्या आणि मध्य व चारही कोपऱ्यांचे आकडे संगणकावर बघा. एक बाजू ठळकपणे गडद असेल तर दिवा किंवा कापड हलवा. चार्टच्या एका टोकाला उजेड जास्त पडला तर तो फरक सॉफ्टवेअर रंगाचा फरक समजतं, आणि प्रोफाइल त्याच चुकीवर उभं राहतं.

प्रकाश चार्टवर साधारण ४५ अंशांतून यावा आणि कॅमेरा समोरून सरळ बघावा. काळ्या चौकोनावर धुकट चमक दिसली तर कोन चुकला. चार्ट चौकटीच्या मधोमध ठेवा, रुंदीचा तिसरा हिस्सा व्यापेल इतका. कडेला लेन्स उजेड कमी करते. चौकोनांना बोट लावू नका. फोकस किंचित ढिला असला तरी बिघडत नाही.

एक्स्पोजर पांढऱ्या चौकोनावरून ठरवा: उजळ हवा, पण फुटलेला, म्हणजे तपशील जाऊन कोरा झालेला नको. संगणकावर एसआरजीबीत (पडदे आणि वेबसाठीच्या नेहमीच्या रंगसंचात) उघडल्यावर पांढऱ्याचा आकडा ० ते २५५ च्या मापात २४३ च्या आसपास यावा. करड्या पायऱ्या पुढे साधारण २००, १६०, १२२, ८५ आणि ५२ अशा उतरतात. रॉ प्रक्रियेतल्या टोन कर्व्हमुळे थोडा फरक येईल, तो चालतो. बघायचं इतकंच की प्रत्येक पायरीत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का.

खात्रीसाठी मी तीन फोटो घेतो: एक मीटरप्रमाणे, एक एक-तृतीयांश स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), एक तेवढाच खाली. नंतर हवा तो निवडतो.

प्रोफाइल बनवणं

दोन रस्ते सांगतो, प्रोफाइल बनवायची साधनं दोन्हीकडे बिनपैशाची.

लाइटरूम किंवा कॅमेरा रॉ ही अडोबी कंपनीची फोटो-सॉफ्टवेअरं वापरत असाल तर रॉ फाइल आधी अडोबीच्या मोफत कन्व्हर्टरने डीएनजी करा. मग अडोबीचाच डीएनजी प्रोफाइल एडिटर उघडा. त्याच्या चार्ट पानावर चार गोल ठिपके दिसतात. ते चार कोपऱ्यांतल्या चौकोनांवर न्या: गडद तपकिरी, निळसर हिरवा, काळा आणि पांढरा. चार्ट उलटा ठेवला असेल तर ठिपकेही त्याप्रमाणे फिरवा. इथे गोंधळ झाला की प्रोफाइल भूतासारखं दिसतं आणि कारण सापडत नाही. उजेड दिवसाचा असेल तर ६५०० केल्व्हिन निवडा, पिवळ्या बल्बचा असेल तर २८५०. दोन्हीखाली वेगवेगळे चार्ट-फोटो असतील तर दोन्ही तक्ते एका प्रोफाइलमध्ये घालता येतात, आणि मधल्या उजेडाला सॉफ्टवेअर त्यांच्यामधली किंमत काढतं. तयार प्रोफाइलला नाव देताना कॅमेरा, उजेड आणि तारीख लिहा. "नवीन_फायनल_२" असलं नाव सहा महिन्यांनी तुम्हालाच छळेल.

दुसरा रस्ता डार्कटेबल या मोफत फोटो-सॉफ्टवेअरचा. त्याच्या कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमध्ये चार्टवरून कॅलिब्रेट करायची सोय आहे. चार्टचा प्रकार निवडायचा, जाळीचे कोपरे फोटोतल्या चार्टवर ओढून बसवायचे, हिशोब करायला सांगायचं आणि पटला तर स्वीकारायचा. तिथे जे मिळतं ते रंगांच्या मिश्रणाचं एक मॅट्रिक्स. ते प्रीसेट म्हणून साठवा आणि त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंना लावा. मॅट्रिक्स सगळ्या रंगांना एकाच नियमाने हलवतं. अडोबीच्या प्रोफाइलमध्ये रंगछटेनुसार वेगळी दुरुस्ती करणारे तक्ते असतात. वांग्यासाठी मला तक्त्यांचा रस्ता जास्त कामाचा वाटला.

व्हाइट बॅलन्स मात्र दोन्हीकडे स्वतंत्रपणे घ्यायचा. ड्रॉपर (रंग उचलणारं साधन) पांढऱ्यावर टेकवू नका, त्याच्या शेजारच्या फिक्या करड्यावर टेकवा. पांढऱ्याचा लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा चॅनेल नकळत फुटलेला असू शकतो.

जमलं का ते कसं कळतं

रंगातला फरक डेल्टा ई या मापात मोजतात. शेजारी-शेजारी धरलेल्या दोन रंगांत साधारण १ च्या आसपासचा फरक तयार डोळ्याला जाणवायला लागतो. चोवीस चौकोनांची सरासरी २-३ आली तर आपल्या कामाला उत्तम. पण सरासरीवर भाळू नका, सर्वांत वाईट चौकोन कुठला ते बघा. जांभळ्यात फरक ८ असेल आणि बाकी सगळे १ वर असतील, तर सरासरी छान दिसेल आणि वांगी साडी पुन्हा परत येईल.

शिवाय ज्या फोटोवरून प्रोफाइल केलं त्याच फोटोवर ते तपासणं म्हणजे घोकलेल्या प्रश्नांचीच परीक्षा देणं. चार्टचा नवा फोटो घ्या. त्याहून बरं म्हणजे, त्या घरातल्या रेशमी सुताच्या पाच-सहा लडी मागून घ्या, त्यांचा फोटो काढा आणि पडद्याशेजारी धरून बघा. चार्टचे रंग मॅट आहेत, रेशीम चमकतं. शेवटचा निकाल सुतावरच लागतो.

हे बघायला पडदा खरा हवा. कलरिमीटर (पडद्याचे रंग मोजणारं उपकरण) उसना मिळाला तरी चालेल. पडदा अर्धा तास चालू ठेवून मग डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा २.२ आणि उजेड १०० ते १२० कँडेला दर चौरस मीटर असा बसवा. त्यासाठीचं डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. रात्री डोळ्यांसाठी पडदा पिवळा करणारी सोय आधी बंद करा. मी एकदा ती विसरलो आणि पूर्ण संध्याकाळ वाया घालवली.

पैठणीची स्वतःची भानगड

धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. साडी हलली की रंग बदलतो. तिचा एकच "खरा" रंग नाही, त्यामुळे कॅलिब्रेशन तिथे अर्धंच काम करतं. अशा साडीचे दोन फोटो द्या: एक सपाट पसरलेली, एक निऱ्या घालून, दोन्ही एकाच उजेडात आणि एकाच प्रोफाइलवर. वर्णनात दोन्ही सुतांचे रंग लिहा.

पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवून रेशमाची वरवरची चमक कमी करता येते. रंग घट्ट दिसतो, पण जरी निस्तेज होते. मी पदराच्या मुख्य फोटोला तो लावत नाही, अंगावरच्या रंगाच्या जवळच्या फोटोला लावतो.

मोरपंखीचं दुखणं सगळ्यांत चिवट. चार्टवरचा निळसर सायन चौकोनच मुळात एसआरजीबीच्या आवाक्याबाहेर आहे. गडद मोरपंखी रेशीमही तिथेच कुठेतरी बसतं. त्यामुळे प्रोफाइल कितीही अचूक असलं तरी फोनवर तो रंग पूर्ण दिसणार नाही. इथे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वाढवू नका. उलट थोडं कमी करा, म्हणजे छटा तरी बरोबर राहते. चॅनेल ठोकला गेला की मोरपंखी सपाट निळा होतो आणि विणीचे दोरेही दिसेनासे होतात. राणी रंगात लाल चॅनेलचं हेच होतं. रॉमध्ये तो बहुधा शाबूत असतो, जेपेग बनवताना मरतो.

निर्यात करताना एसआरजीबी निवडा आणि प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेलं आहे याची खात्री करा. अडोबी आरजीबी या जास्त मोठ्या रंगसंचात पाठवलेला फोटो प्रोफाइल न वाचणाऱ्या ॲपमध्ये फिका पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गिऱ्हाइकाचा फोन आपल्या हातात नाही. कुणाचा "व्हिव्हिड"वर असतो, कुणाची काच फुटलेली. म्हणून त्या घरी आम्ही आता फोटोखाली एक ओळ घालतो: वांगी, लालसर झाकेचा, दिवसाच्या उजेडात बघितलेला. आणि महागड्या साडीचं गिऱ्हाईक विचारात पडलं तर अंगाच्या आणि काठाच्या सुताचे दोन बोटभर तुकडे पाकिटात घालून पाठवतो.

परत आलेली ती साडी मी जानेवारीत पुन्हा काढली, ओसरीत, चार्ट शेजारी ठेवून. मालकीणबाईंनी फोन साडीवर ठेवला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "काठ अजून जरा पिवळा हाय." काठ खरंच पिवळा होता. समोरच्या भिंतीवर ऊन आलं होतं आणि ते जरीत उतरलं होतं. चादर टांगली आणि परत काढला.

चार्ट वापरून झाला की मिटवून ठेवा. ऊन, घाम आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ त्याचे रंग हळूहळू खाते. पाठीवर खरेदीची तारीख लिहा आणि दोन-तीन वर्षांनी नवा घ्या. कॅमेरा बदलला, दिवा बदलला किंवा लेन्स बदलली की प्रोफाइल नव्याने करा. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे असतील तरी प्रत्येकाचं वेगळं. एकूण काम वीस मिनिटांचं आहे, त्यातली पंधरा चादर टांगण्यात जातात.